शिकवून पोट भरणाऱ्यांनी ब्लॉग का लिहावा?



या आठवड्याच्या व्हिडिओत ब्लॉगिंगचा विषय काढला खरा, पण बराचसा वेळ ‘ब्लॉगमधून पैसे मिळतात का’ याच प्रश्नात गेला. शिक्षणासाठी ब्लॉग कसा वापरायचा हा मुद्दा शेवटच्या दोन मिनिटांत घाईघाईने उरकला. आणि खरं सांगायचं तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कामाचा मुद्दा तोच होता. म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय. जवळ वही-पेन ठेवा, मध्येच एक काम सांगणार आहे.

हा लेख कोणासाठी? जे काहीतरी शिकवतात त्यांच्यासाठी. शिवणक्लास, केकचे वर्ग, टॅली, मेहंदी, दहावीच्या शिकवण्या, मोबाइल दुरुस्ती, काहीही असो. आणि ज्यांना वाटतं की ‘आपण कुठे शिकवतो, आपण तर माल विकतो’, त्यांनीही थांबा. बिडाचे तवे विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा फोन येतो, ‘अहो, डोसा चिकटतोय, तव्याला गंज आलाय’. मग तो दहा मिनिटं समजावत बसतो की घासून लगेच कोरडा करा, तेलाचा हात फिरवा, पहिले काही दिवस टोमॅटो-चिंच टाळा. हे शिकवणंच झालं की! फक्त त्याची फी मिळत नाही.

सहा वर्षांचं शिकवणं एका फोनमध्ये

आपल्या एका बॅचला तालुक्याच्या गावात शिवणक्लास चालवणाऱ्या एक ताई होत्या. क्लास जुना, हात चांगला, आणि सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. मापांचे तक्ते, कटिंगचे फोटो, रात्री अकरा वाजता मुलींनी विचारलेल्या शंका आणि त्यांना ताईंनी दिलेली व्हॉइस मेसेजमधली उत्तरं, असं सहा वर्षांचं साठलेलं. एका पावसाळ्यात फोन पाण्यात पडला. बॅकअप कधी घेतलाच नव्हता. नवा फोन आला, ग्रुप परत दिसू लागला, पण आतलं सगळं गेलेलं.

त्याच सुमारास शेजारच्या गल्लीत अर्ध्या फीमध्ये दुसरा क्लास सुरू झाला. ताई मला म्हणाल्या, “सर, तिच्यात आणि माझ्यात काय फरक आहे हे मी लोकांना दाखवू कसं? माझं काम तर मुलींच्या अंगावर आहे, कागदावर काहीच नाही.”

या वाक्यावर मी बराच विचार केला. शिकवणाऱ्या माणसाची मालमत्ता म्हणजे त्याने दिलेली उत्तरं. दुकानदाराचा माल फळीवर दिसतो, शिकवणाऱ्याचा माल बोलल्याबरोबर हवेत जातो. तो कुठेतरी मांडून ठेवायची सोय हवी. ताईंना मी पॅम्फ्लेट छापू नका म्हटलं, ब्लॉग सुरू करा म्हटलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे कविता लिहायच्या का?”

हा गैरसमज फार जणांचा आहे, त्यामुळे आधी ब्लॉग म्हणजे काय ते पाहू.

ब्लॉग म्हणजे नेमकं काय

ब्लॉग हा शब्द ‘वेबलॉग’ या शब्दाचं लहान रूप आहे. लॉग म्हणजे नोंदवही. जहाजावर कप्तान रोज जी नोंद ठेवतो तिला लॉगबुक म्हणतात, तोच हा लॉग. वेबलॉग हा शब्द १९९७ साली जॉर्न बार्जर या अमेरिकन गृहस्थांनी वापरात आणला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने त्याची फोड ‘वी ब्लॉग’, म्हणजे ‘आम्ही ब्लॉग करतो’, अशी केली आणि तिथून ‘ब्लॉग’ सुटा झाला. त्याच वर्षी ब्लॉगर ही सेवा सुरू झाली, २००३ मध्ये गुगलने ती विकत घेतली, आणि २००३ मध्येच वर्डप्रेस आलं. आज तुम्हाला फुकट ब्लॉग काढायचा असेल तर मुख्य दोन वाटा याच आहेत. शिक्षकांना लगेच लक्षात आलं की हे आपल्या कामाचं आहे; २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात केवळ शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी एज्युब्लॉग्ज नावाची सेवाही निघाली.

इतिहास एवढा पुरे. कामाची गोष्ट अशी की ब्लॉग म्हणजे तारखेनिशी ठेवलेली, सगळ्यांना वाचता येणारी नोंदवही. प्रत्येक नोंदीला, म्हणजे पोस्टला, स्वतःचा वेगळा पत्ता असतो. ही शेवटची गोष्ट साधी वाटते, पण सगळी गंमत तिच्यातच आहे. पत्ता आहे म्हणून ती नोंद गुगलला सापडते, एखाद्याला पाठवता येते, आणि चार वर्षांनीही तिथेच असते.

तुम्ही म्हणाल, मग फेसबुक आहे, इन्स्टा आहे, आपला व्हिडिओ चॅनेल आहे, त्यात काय कमी आहे? कमी काही नाही, काम वेगळं आहे. व्हॉट्सॲप आणि इन्स्टा म्हणजे नळाचं पाणी. येतं तेव्हा धो-धो येतं, त्या वेळी भांडं लावलं तर लावलं. ब्लॉग म्हणजे घरातला हौद. रात्री दोन वाजता तहान लागली तरी तांब्या बुडवता येतो. आणि व्हिडिओबद्दल मी स्वतः व्हिडिओ करणारा माणूस असून सांगतो, हात कसा फिरवायचा हे दाखवायला व्हिडिओसारखं दुसरं काही नाही, पण माप, प्रमाण, सूत्र, यादी यासाठी व्हिडिओ म्हणजे डोकेदुखी. केकसाठी बेकिंग पावडर किती घ्यायची हे पाहायला वीस मिनिटांचा व्हिडिओ पुढे-मागे ओढत बसणाऱ्या बाईचे हात मैद्याने भरलेले असतात, हे लक्षात घ्या.

आता वही उघडा

गेल्या महिन्याभरात तुमच्या विद्यार्थ्यांनी किंवा गिऱ्हाइकांनी एकापेक्षा जास्त वेळा विचारलेले प्रश्न लिहून काढा. त्यांच्याच शब्दांत. ‘स्लीव्ह अटॅचमेंटमधील त्रुटी’ असं लिहू नका, ‘बाही पुढून ओढते’ असं लिहा. पाच मिनिटं द्या. आठ-दहा प्रश्न सहज निघतील.

ही तुमच्या ब्लॉगची पहिली अनुक्रमणिका आहे. ‘ब्लॉगवर लिहू काय?’ असं ज्यांना वाटतं त्यांना मी दुसरं काहीच सांगत नाही. जे उत्तर तुम्ही तिसऱ्यांदा तोंडाने देताय, ते चौथ्यांदा लिहून द्यायचं.

ताईंच्या यादीत पहिला प्रश्न बाहीचाच होता. एका आठवड्यात चार मुलींना त्यांनी तेच समजावलं होतं. त्यांची पहिली पोस्ट त्यावरच लिहून घेतली. त्यांनी आधी जे लिहून आणलं ते असं होतं: शिवणकला ही प्राचीन कला असून तिचे महत्त्व अनन्यसाधारण आहे, वगैरे वगैरे, दीड पान. बाहीचा पत्ता नाही. शाळेत निबंध लिहायची आपल्याला जी सवय लागलेली असते ती अशी नडते. मी म्हटलं, ताई, समोर तुमची विद्यार्थिनी ब्लाउज घालून उभी आहे आणि तिची बाही ओढतेय. तिला काय सांगाल? त्या सांगत गेल्या आणि आम्ही टाइप करत गेलो. त्यातून जे निघालं त्याचा सारांश असा:

बाहीच्या वरच्या गोलाईत पुढची बाजू जरा जास्त खोल कापलेली असते, मागची कमी. जोडताना बाह्या उलट लागल्या की खोल बाजू मागे जाते आणि पुढे कापड कमी पडून ओढ बसते. शिवण उसवा आणि डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे लावून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. पण कापतानाच दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या गेल्या असतील तर अदलाबदलीचा उपयोग नाही, एक बाही नव्याने कापावी लागते. हे टाळायला कटिंग झाल्याबरोबर पुढच्या बाजूला खडूची खूण किंवा छोटासा कट द्या.

सोबत तीन फोटो: बाही बरोबर लागलेली, उलट लागलेली, आणि खूण कुठे करायची. बास. प्राचीन कला कुठेही नाही. वाचणाऱ्या मुलीचं ब्लाउज वाचलं, म्हणजे तिला त्या पोस्टकडून हवं ते सगळं मिळालं.

आणखी एक गोष्ट झाली जी मला अपेक्षित नव्हती. लिहिताना ताई ‘दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या’ या मुद्द्यापाशी अडखळल्या. म्हणाल्या, “हे मी वर्गात कधी सांगतच नाही, मला वाटतं त्यांना कळत असेल.” बोलताना आपण हातवारे करून निसटून जातो, लिहिताना निसटता येत नाही. पुढच्या बॅचला त्यांनी ते वर्गातही सांगायला सुरुवात केली.

वर्गाच्या आधी, वर्गाच्या नंतर

ब्लॉगचा शिकवण्यात उपयोग म्हटलं की लोक ‘नोट्स टाकणे’ एवढंच धरून चालतात. नोट्स टाका, पण त्या कधी वाचायला सांगता यावर बरंच अवलंबून आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या एका शाळेत रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते, जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स. २००७ च्या सुमारास त्यांनी गैरहजर मुलांसाठी धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आलं की समजावून सांगण्याचा भाग मुलं घरीच पाहू शकतात, आणि शिक्षकाची खरी गरज उदाहरणं सोडवताना, प्रयोग करताना लागते. त्यांनी वर्ग उलटा केला: ऐकणं घरी, करणं वर्गात. त्यांचं साधन व्हिडिओ होतं, पण तत्त्व तुम्हाला ब्लॉगवरही तसंच्या तसं वापरता येतं. ताईंच्या क्लासमध्ये सोमवारी मापं उतरवून घेण्यातच पाऊण तास जायचा. आता मापांचा तक्ता रविवारी ब्लॉगवर वाचून, वहीत उतरवून यायचं आणि सोमवारी थेट कापडाला हात घालायचा. क्लासमध्ये मशिनं पाच आणि मुली चौदा असतील तर मशिनवरचा एकेक मिनिट म्हणजे पैसा आहे, हे वेगळं सांगायला नको.

न वाचता येणाऱ्या मुली असतातच. त्यासाठी ताईंनी एक साधी युक्ती केली: पोस्टच्या तळाशी एक छोटा प्रश्न, उत्तर सोमवारी दारातच विचारायचं. फार कडक नाही, पण लाज वाटेल इतपत.

कागद आणि ब्लॉग यांची सांगड घालायला क्यूआर कोड हे फार सोयीचं साधन आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून गाजलेले रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला माहीत आहेत. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड देऊन पुस्तकाला मोबाइलवरच्या साहित्याशी जोडणं हे त्यांचं गाजलेलं काम. आज शाळेच्या पुस्तकांत असे कोड असतातच. तुम्हीही प्रत्येक पोस्टचा कोड बनवून तो छापील मापांच्या कागदावर, केकच्या डब्यावर किंवा तव्याच्या खोक्यावर चिकटवू शकता. तव्यावाल्याने ‘गंज आलाय? इथे स्कॅन करा’ एवढं लिहिलं तर त्याचे निम्मे फोन वाचतील असा माझा अंदाज आहे.

विद्यार्थ्यांनी लिहायचं

आता जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो. ब्लॉग फक्त शिकवणाऱ्याने लिहायचा नसतो, शिकणाऱ्याने लिहिला तर जास्त फायदा होतो. का, ते कळायला स्कॉटलंडमधलं एक उदाहरण सांगतो.

२०१२ साली तिथल्या एका लहान गावातल्या ९ वर्षांच्या मुलीने लेखनाचा सराव म्हणून वडिलांच्या मदतीने एक ब्लॉग सुरू केला. विषय काय, तर शाळेत मिळणारं दुपारचं जेवण. रोज ताटाचा फोटो काढायचा, दहापैकी गुण द्यायचे, किती घास झाले ते मोजायचं, पदार्थ तब्येतीला कसा आहे ते सांगायचं, आणि जेवणात केस सापडले का त्याचाही एक रकाना! बघता बघता जगभरातून लोक वाचायला लागले. दुसऱ्या देशांतली मुलं आपापल्या शाळेच्या डब्यांचे फोटो पाठवू लागली. जूनमध्ये तिथल्या स्थानिक प्रशासनाने शाळेत फोटो काढायला बंदी घातली. त्यावर एवढा गदारोळ झाला की बंदी लगेच मागे घ्यावी लागली. त्या ब्लॉगवरून तिने गरीब देशांतल्या शाळकरी मुलांच्या जेवणासाठी मदत मागितली होती, ती १ लाख पौंडांच्या वर गेली, आणि मलावीतल्या एका शाळेत स्वयंपाकघर उभं राहिलं.

तुमच्या विद्यार्थ्याचं असं काही होईल असं मी म्हणत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. तिने लिहिलेलं तपासायला शिक्षक एकटाच नव्हता, खरे वाचक होते. खरा वाचक समोर असला की माणूस नीट बघतो, नीट मोजतो, खोटं लिहायला कचरतो. वहीतला निबंध लाल पेनाची खूण झाली की संपतो.

ताईंनी यातला छोटा भाग उचलला. कोर्स संपायच्या आधी प्रत्येकीने आपल्या एका कामावर एक पोस्ट लिहायची: काय शिवलं, कापड किती लागलं, कुठे चुकलं, कसं दुरुस्त केलं. एका मुलीने साडीपासून अनारकली शिवताना घेर कसा कमी पडला आणि मग कळ्या वाढवून तो कसा सावरला हे लिहिलं. पुढे तिने घरी ऑर्डर घ्यायला सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाइकाला दाखवायला तिच्याकडे ती पोस्ट होती. प्रमाणपत्रावर फक्त ‘उत्तीर्ण’ असं छापलेलं असतं. या पोस्टवरून ही मुलगी चूक कशी निस्तरते ते कळतं. बाकी सगळ्यांनी मन लावून लिहिलं असं नाही; तिघींनी एकमेकींचं बघून उतरवलं होतं आणि एकीने शेवटपर्यंत लिहिलंच नाही. ठीक आहे, हे होणारच.

मुलांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. १८ वर्षांखालच्या विद्यार्थ्याचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, फोन नंबर असं काहीही पालकांच्या लेखी संमतीशिवाय ब्लॉगवर टाकू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरतो आणि पालकांच्या संमतीची अट घालतो. कायदा बाजूला ठेवा, एखाद्या आईला आपल्या मुलीचा फोटो अनोळखी लोकांनी बघावा असं वाटत नसेल तर तो तिचा हक्क आहे. हातांचा, कामाचा फोटो काढा, चेहऱ्याची गरजच काय? शिकवण्या घेणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावं: पाठ्यपुस्तकाची किंवा गाइडची पानं फोटो काढून टाकू नयेत, त्यांचे हक्क प्रकाशकाचे असतात. स्वतः तयार केलेली उदाहरणं टाका. तीच वाचायला विद्यार्थी येतात, पुस्तक तर त्यांच्याकडे असतंच.

हे मी महाराष्ट्रातल्याच अनुभवावरून सांगतोय. २०१५ नंतरच्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या कितीतरी गुरुजींनी आणि बाईंनी ब्लॉगरवर स्वतःचे ब्लॉग काढले. ना तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण, ना वेगळा पैसा, बऱ्याच जणांनी मोबाइलवरच सगळं केलं. त्यातल्या पुष्कळ ब्लॉगांवर शासन निर्णय, परिपत्रकं आणि फॉर्म गोळा केलेले असत. उपयोगी होतं, पण तीच परिपत्रकं शंभर ठिकाणी. लक्षात राहिले ते ब्लॉग जिथे शिक्षकाने ‘माझ्या वर्गातल्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती, मी काड्यांचे गठ्ठे वापरून अशी शिकवली’ असं स्वतःचं काहीतरी लिहिलं. जे फक्त तुमच्याकडे आहे ते लिहा.

सुरू करताना अडतं कुठे

ब्लॉगरवर खातं काढणं सोपं आहे, जीमेल असलं की झालं. व्हिडिओत ते दाखवलं आहे, पुन्हा लिहीत नाही. टायपिंगची धास्ती असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवरचं माइक दाबून मराठीत बोला, मजकूर उमटतो. नंतर एकदा वाचून दुरुस्त करायला मात्र विसरू नका. ताईंच्या पहिल्या मसुद्यात ‘मुंढा’ या शब्दाचं प्रत्येक ठिकाणी ‘मुद्दा’ झालं होतं. ‘मुद्दा एक इंच खोल कापावा’!

एक तांत्रिक गोष्ट जी कुणी सांगत नाही: पोस्टचं शीर्षक मराठीत लिहिलं की ब्लॉगर तिचा पत्ता आपोआप बनवताना मराठी अक्षरं गाळतो आणि ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा बिनचेहऱ्याचा पत्ता तयार होतो. वर्डप्रेसवर उलटा प्रकार, मराठी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर लांब शेपटी दिसते. दोन्हीकडे उपाय एकच. प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या जागी रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः लिहा, मधे छोटी आडवी रेघ द्या. हे आधीच करा. पोस्ट एकदा लोकांना पाठवल्यावर पत्ता बदललात तर जुन्या लिंका तुटू शकतात. शीर्षक मात्र मराठीतच ठेवा, आणि लोक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत. गुगलमध्ये कुणी ‘बाही जोडणी तंत्र’ शोधत नाही.

नेमाबद्दल सांगतो. आठवड्याला तीन पोस्ट असा संकल्प करणारे लोक तिसऱ्या आठवड्यात गायब होतात. पंधरा दिवसांतून एक धरा. सुरुवातीला एका पोस्टला दोन-तीन तास जातील, फोटो काढण्यात सगळ्यात जास्त.

आणि पैशांचं काय?

व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारणा याचीच झाली म्हणून स्पष्ट लिहितो. जाहिरातींचं उत्पन्न वाचकांच्या प्रचंड संख्येवर चालतं. तालुक्यातल्या शिवणक्लासच्या ब्लॉगला दिवसाला तीस-चाळीस वाचक आले तरी आनंद मानावा, आणि तेवढ्यावर जाहिरातीतून चहाचा खर्चही निघणार नाही. उलट तोटा आहे. जाहिरात कोणती दिसावी हे बहुतेक मशीन ठरवतं आणि ते मजकुराशी जुळणारी जाहिरात शोधतं. म्हणजे तुमच्या शिवणाच्या पोस्टखाली दुसऱ्याच ऑनलाइन शिवणकोर्सची जाहिरात! आपल्या ओट्यावर बसवून शेजाऱ्याचं दुकान चालवण्यासारखं आहे ते. शिकवणाऱ्याने ब्लॉगवर जाहिराती घेऊच नयेत असं माझं मत आहे.

स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, घ्यायचं असेल तर त्याचे दरवर्षी पैसे भरावे लागतात. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी वाचा. पण हे दहा-बारा पोस्ट झाल्यावर. आधी नाही.

पैसा येतो तो असा आडून येतो. लिहिलेलं साठत गेलं की त्यातून दुसरी वस्तू तयार होते. टेरेन्स टाओ हे जगातल्या नामांकित गणितज्ञांपैकी एक. २००७ पासून ते ब्लॉग लिहितात, वर्गात शिकवायच्या टिपणांसकट, आणि ब्लॉगवरच्या मजकुरातून त्यांची कितीतरी पुस्तकं निघाली आहेत. वाचक चुका दाखवून देतात, त्या दुरुस्त होतात, आणि मग पुस्तक. टाओंचं गणित आपल्या डोक्यावरून जाईल, पण पद्धत शिवणक्लासलाही लागू पडते. ताई आता वीस पोस्ट झाल्या की मापांची छापील पुस्तिका काढायच्या विचारात आहेत. मी त्यांना म्हटलंय, आधी वीस होऊ देत.

आत्तापर्यंत त्यांच्या चौदा झाल्यात. पहिले तीन महिने वाचणाऱ्या फक्त त्यांच्याच क्लासच्या मुली होत्या आणि त्या मला वैतागून फोन करायच्या. दिवाळीनंतरच्या बॅचला तीन जणी आधी ब्लॉग वाचून आल्या, त्यातली एक शेजारच्या तालुक्यातून एसटीने येते. तीन म्हणजे फार नाहीत. पण त्या तिघींनी फी कमी करा असं विचारलं नाही. शेजारच्या गल्लीतला क्लासही चालू आहे, आणि ताई म्हणतात की तिच्याकडच्या मुलीसुद्धा बाहीची पोस्ट वाचतात. आधी त्यांना राग यायचा. आता त्या पोस्टखाली क्लासचा पत्ता आणि वेळ लिहून ठेवलाय.

जाता जाता, ज्या गोष्टीपासून हे सगळं सुरू झालं ती. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ब्लॉगचा बॅकअप उतरवून घ्यायची सोय आहे. महिन्यातून एकदा ती फाइल उतरवा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. त्या फाइलमध्ये मजकूर असतो, पण फोटोंसाठी तिच्यावर विसंबू नका. त्यामुळे मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, फोनबाहेर कुठेतरी ठेवा. ताई आता ते दर एक तारखेला करतात, दुकानाचं भाडं देतात त्याच दिवशी.